प्रश्न वाचून दाखवला, तर गुण कोणाचे?

सहावीतल्या एका मुलाचे आईवडील समुपदेशनासाठी आले, तेव्हा मुलाच्या तपासणीचा अहवाल वडिलांच्या हातात होता आणि त्यातली एकच ओळ त्यांनी पेनाने अधोरेखित केलेली होती. डिस्लेक्सियाचे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरे वाचणे जड जाण्याच्या अडचणीचे, निदान त्यांनी स्वीकारले होते. त्यांना खटकत होती ती शिफारस: प्रमाणित चाचण्यांच्या वेळी विद्यार्थ्याला प्रश्न वाचून दाखवावेत. "मॅडम, दुसऱ्याने वाचलेल्या पेपरात मिळालेले गुण याचे कसे म्हणायचे?" असे त्यांनी विचारले. आईची काळजी वेगळी होती. सगळे कोणीतरी वाचूनच देणार असेल तर हा वाचायला शिकेल कशासाठी, असे तिला वाटत होते. हे दोन प्रश्न मला अनेक पालकांनी विचारले आहेत, शिक्षकांनीही विचारले आहेत, आणि दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून या मुलाची हकिकत जरा सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

आधी 'सवलत' या शब्दाविषयी. आपल्याकडे अशा सोयींना सरसकट सवलत म्हणतात, आणि सवलत म्हटले की तिकिटाच्या दरातली सूट आठवते: इतरांनी पूर्ण रक्कम मोजली, याने अर्धी. मग ती घेणाऱ्याला ओशाळे वाटते आणि न घेणाऱ्याला अन्याय झाल्यासारखे वाटते. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात यासाठी जी संकल्पना आहे, तिचा अर्थ आवश्यक आणि रास्त असा फेरबदल किंवा जुळवणी असा आहे. चाचणीच्या बाबतीत ही जुळवणी मांडणीची असते. जे मोजायचे आहे ते तसेच राहते, मोजण्याच्या वाटेतला अडथळा तेवढा दूर केला जातो. परंतु शब्दाची ही चूक आता इतकी रुळली आहे की मीही बोलताना सवलतच म्हणते.

पालकांशी वाद घालण्याऐवजी मी मुलाला एक उदाहरण वाचायला दिले. "एका वाचनालयात १८ कपाटे आहेत. प्रत्येक कपाटात ६ खण असून प्रत्येक खणात २४ पुस्तके मावतात. त्यांपैकी ३ कपाटे रिकामी आहेत आणि उरलेली पूर्ण भरलेली आहेत, तर वाचनालयात एकूण पुस्तके किती?" 'वाचनालयात' या शब्दावर तो थांबला. 'प्रत्येक' या शब्दाशी पोहोचला तेव्हा बोट 'प्र'वर ठेवून त्याने "प... पर... परत..." असे तीनदा केले आणि शेवटी तो शब्द "परत एक" असा वाचला. 'रिकामी' वाचताना पहिली वेलांटी त्याने पुढच्या अक्षराला जोडली. (ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर, ही देवनागरीतली गंमत आपल्याला जाणवतही नाही, अशा मुलांना ती प्रत्येक ओळीत अडवते.) शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचायला त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला, आणि तोवर सुरुवातीला कपाटे होती की खण, हे त्याच्या लक्षात राहिले नव्हते. त्याने १८, ६, २४ आणि ३ या सर्व संख्यांची बेरीज केली आणि ५१ असे उत्तर लिहिले. शब्दांचा अर्थ हाती लागला नाही की मुले दिसतील त्या संख्या एकत्र करून मोकळी होतात.

मग तेच उदाहरण मी त्याला एकदा, सावकाश, कुठल्याही शब्दावर जोर न देता वाचून दाखवले. त्याने कागदाकडे पाहिलेही नाही. "तीन रिकामी म्हणजे पंधरा," तो म्हणाला. "पंधरा सक नव्वद. नव्वद गुणिले चोवीस..." आणि थोडे पुटपुटून त्याने २१६० असे उत्तर दिले. मी त्याला एकही पायरी सुचवली नव्हती. वजाबाकी आधी करायची हे मी सांगितले नव्हते, गुणाकार दोनदा करायचा हेही नाही.

वडिलांचे काम हिशेबाचे होते, म्हणून त्यांच्यासमोर मी एक साधे सूत्र मांडले. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली मांडलेल्या विचारानुसार वाचून समजणे म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार असतो: अक्षरांवरून शब्द ओळखणे आणि भाषा समजणे. बेरीज नव्हे, गुणाकार. भाषेची समज ०.९ असली आणि शब्द ओळखण्याची क्षमता ०.२ असली, तर हाती ०.१८ एवढेच येते. हे आकडे समजावण्यापुरते मी घेतलेले आहेत, मुलांना असे दशांशात मोजता येत नाही. पण गुणाकाराचा अर्थ त्यांना लगेच समजला. "म्हणजे गणिताच्या पेपरात याचे गणित मोजलेच जात नव्हते," ते हळूच म्हणाले. नेमके तेच मला म्हणायचे होते, आणि ते माझ्याऐवजी त्यांनी म्हटले याचा मला आनंद झाला.

ही गोष्ट नवी नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी लिहिले होते. मुलगा चलाख होता, आकडेमोड करू शकत होता, पण वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला वाचता येत नव्हते आणि स्वतःचे नाव लिहितानाही त्याच्याकडून अक्षरांची अदलाबदल होत असे. त्याला शिकवणाऱ्या शिक्षकांचे मत असे होते की शिक्षण पूर्णपणे तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. मी हे सांगितले तेव्हा आईने इतकेच विचारले, "मग त्याचे पुढे काय झाले?" त्या लेखाला मुलाच्या पुढच्या आयुष्याची गोष्ट सांगायची नव्हतीच, हे मला तिला सांगावे लागले.

तरीही वडिलांची मूळ शंका शिल्लक होती. वाचून दाखवल्याने सगळ्यांचेच गुण वाढत असतील, तर ही जुळवणी नसून मदत ठरते. शंका अगदी बरोबर आहे, आणि या क्षेत्रात तिच्यासाठी एक कसोटीही आहे. लिन फुक्स आणि डग्लस फुक्स या संशोधकांनी ती मांडली: अडचण असलेल्या मुलांना त्या सोयीने होणारा लाभ हा अडचण नसलेल्या मुलांना होणाऱ्या लाभापेक्षा स्पष्टपणे अधिक असला पाहिजे. आम्ही घरगुती पातळीवर तसे करून पाहिले. सारख्याच काठिण्याचे दहा-दहा शाब्दिक उदाहरणांचे दोन संच केले. मुलाने स्वतः वाचून सोडवलेल्या संचात त्याची तीन उत्तरे बरोबर आली आणि ऐकून सोडवलेल्या संचात आठ. त्याच इयत्तेतली त्याची मावसबहीण वाचनात तरबेज आहे. तिची दोन्ही वेळा नऊ आली. शिवाय, वाचून दाखवणारी मावशी फार हळू वाचते, त्यापेक्षा मीच भरभर वाचले असते, अशी तिने तक्रार केली. दोन मुलांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी पालकांना स्पष्ट सांगितले. मला सिद्ध काही करायचे नव्हतेच. या मुलाला कशाने फरक पडतो एवढेच पाहायचे होते. शब्दच नसलेल्या, नुसत्या आकडेमोडीच्या तिसऱ्या संचात वाचून दाखवा अगर दाखवू नका, त्याची उत्तरे नऊच राहिली. मला सर्वांत बोलका वाटला तो हाच संच, कारण जिथे वाचन नव्हते तिथे वाचकामुळे काहीच वाढले नाही.

इथवर सगळे सुरळीत होते. शाळेने मान्यता दिली, चाचणीच्या दिवशी वेगळी खोली आणि वाचक शिक्षिका मिळाल्या, आणि मुलाला तीसपैकी अकरा गुण मिळाले. म्हणजे आधीच्या चाचणीपेक्षा फक्त दोन जास्त. वडिलांनी फोनवर काही बोलून दाखवले नाही. नुसते गुण सांगितले आणि थांबले.

चूक माझी होती. मी शिफारशीच्या बाजूने बोलले, पण ती प्रत्यक्षात कशी वापरायची याचा सराव कोणाचाच करून घेतला नाही. मुलाचाही नाही आणि वाचक शिक्षिकांचाही नाही. मुलाला मी बोलावून घेतले, तेव्हा तो बराच वेळ टेबलाच्या कडेवर नख घासत बसला. नंतर त्याने सांगितले की वाचक बाई प्रश्न आणि चारही पर्याय एका दमात वाचायच्या. चौथा पर्याय येईपर्यंत पहिला विसरायला व्हायचे. परत वाचा असे म्हणायची लाज वाटायची, कारण त्यांनी एवढे सगळे वाचले होते. प्रश्नपत्रिका त्यांच्याच हातात होती. "आणि मॅडम," तो म्हणाला, "काही वेळा त्या बरोबर उत्तराशी थोडे थांबायच्या. मला कळायचे. मग मी तेच लिहायचो." मग थोडे थांबून: "दोनदा ते चुकलेपण."

या एका वाक्यात वडिलांच्या शंकेतला खरा भाग होता. वाचणारा माणूस तटस्थ नसेल, तर ते गुण मुलाचे राहत नाहीत. त्या शिक्षिकांचा हेतू चांगलाच होता. मुलाविषयी माया असलेल्या माणसाला "खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?" हे वाचताना 'नाही'वर जोर द्यावासा वाटतोच. तो जोर छापलेला नसेल, तर वाचकाने तो द्यायचा नसतो. अवघड शब्दाचा अर्थ सांगायचा नसतो, वाक्य सोपे करायचे नसते, मुलाने चुकीचे उत्तर लिहिले तर भुवईही उंचावायची नसते. मुले आवाजापेक्षा चेहरा लवकर वाचतात, आणि ज्यांना अक्षरे वाचता येत नाहीत ती तर चेहरे वाचण्यात फारच पटाईत झालेली असतात. वर्गात इतकी वर्षे त्यांनी त्याच बळावर काढलेली असतात.

आम्ही तिघे, म्हणजे मी, त्या शिक्षिका आणि मुलगा, पुन्हा बसलो. पहिला बदल असा केला की प्रश्नपत्रिका मुलासमोर राहील आणि तो बोट ठेवेल तेवढेच वाचले जाईल: कधी पूर्ण प्रश्न, कधी एकच ओळ, कधी एकच शब्द. बाई शेजारी बसतील, समोर नाही, म्हणजे चेहरा दिसणार नाही. "परत" आणि "थांबा" हे दोन शब्द त्याने कितीही वेळा म्हणावेत. हे दोन शब्द मोठ्याने म्हणण्याचा आम्ही खरोखर सराव केला, कारण शिक्षकांना "थांबा" म्हणणे हे सहावीतल्या मुलाला सहज जमण्यासारखे नाही. पहिल्या दिवशी तो तो शब्द इतक्या हळू म्हणाला की बाईंनी पुढचे दोन शब्द वाचून टाकले होते.

गणितात आणखी एक गुंतागुंत निघाली, जी मलाही आधी सुचली नव्हती. कागदावरचे चिन्ह तोंडाने उच्चारले की कधी कधी उत्तरच सांगितले जाते. 'ही संख्या अक्षरांत लिहा' या प्रश्नातली ३०,०४५ ही संख्या वाचकाने "तीस हजार पंचेचाळीस" अशी वाचली, तर लिहायला काय उरले? तिथे फक्त सूचना वाचायची आणि संख्येकडे बोट दाखवायचे. ३/४ हे "तीन छेद चार" असे वाचले की चिन्ह वाचले जाते, "पाऊण" असे वाचले की अर्थ सांगितला जातो. कंस वाचला नाही तर पदावलीचा अर्थच बदलतो. उलट बाजूने, मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि चाळीस नंतर, त्यामुळे नुसते ऐकून हा मुलगा ७४ लिहून मोकळा होत असे. म्हणून आकडे त्याने डोळ्यांनीच पाहायचे असे ठरले. नियम परवानगी देत असतील तिथे वाचकाने अशी चिन्हे थोडा वेळ आधी पाहून ठेवावीत, हे मी तेव्हापासून प्रत्येक शाळेला सुचवते. संगणकाच्या आवाजाने वाचून घेण्याचा पर्यायही आम्ही पाहिला. त्याची मोठी सोय म्हणजे यंत्राला दहादा "परत" म्हणायला लाज वाटत नाही आणि यंत्र कुठल्याच पर्यायाशी मायेने थांबत नाही. पण आम्ही वापरून पाहिलेला आवाज जोडाक्षरांवर आणि अपूर्णांकांवर अडखळत होता, म्हणून गणितापुरता तो बाजूला ठेवला.

भाषेच्या चाचणीचा प्रश्न राहिला होता. वडील आता दुसऱ्या टोकाला गेले होते. उतारासुद्धा वाचून दाखवावा असे त्यांना वाटू लागले होते. मी नकार दिला. उतारा स्वतः वाचून समजतो का, हेच त्या विभागात मोजायचे असते. तो वाचून दाखवला तर श्रवणाची चाचणी होईल, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी त्या गुणांकडे पाहून याला वाचता येते असे समजून त्याचा वाचनाचा तास बंद करेल. तिथे वाढीव वेळ घ्यावा, सूचना वाचून घ्याव्यात, उतारा मात्र स्वतः वाचावा, असे ठरले. त्याला दहापैकी चार गुण मिळाले. ते चार गुण खरे होते, आणि वाचनाच्या शिक्षिकांना ते उपयोगी पडले.

आईच्या काळजीचे उत्तर इथेच येते. वाचून दाखवणे आणि वाचायला शिकवणे या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी येत नाहीत. त्याचा रोजचा वाचनाचा सराव एकही दिवस बंद झाला नाही: ध्वनी सुटा करणे, तो अक्षराशी जोडणे, जोडाक्षर फोडून वाचणे, एका वेळी थोडे, पण क्रमाने आणि नेमाने. चाचणी म्हणजे शिकवण्याची वेळ नव्हे. गणिताच्या पेपरात दीड तास अडखळल्याने कोणाचे वाचन सुधारल्याचे मी तरी पाहिलेले नाही. गणित नावडते झाल्याचे मात्र अनेकदा पाहिले आहे. उलट, एकदा नीट ऐकलेला प्रश्न पुन्हा डोळ्यांनी वाचताना या मुलाला शब्द ओळखीचे वाटू लागले, असे आईनेच दोन महिन्यांनी मला सांगितले. त्याचे श्रेय मी वाचकाला देणार नाही, सराव चालूच होता.

हा मार्ग सगळ्यांसाठी नाही, हेही सांगते. ज्या मुलांना ऐकलेले धरून ठेवणे जड जाते, त्यांना वाचून दाखवण्याने गोंधळ वाढतो. त्यांना मोठा छाप, कमी मजकुराचे पान किंवा नुसता जास्तीचा वेळ अधिक उपयोगी पडतो. केवळ निदानाच्या नावावरून सोय ठरवू नये. मुलाला दोन्ही प्रकारे सोडवून पाहू द्यावे, आणि त्याला काय सोपे गेले हे त्यालाच विचारावे. माझ्या अनुभवात हा शेवटचा प्रश्न विचारायचे मोठी माणसे हमखास विसरतात. मीही विसरले होते.

वर्षाअखेरच्या गणिताच्या चाचणीनंतर त्या वाचक शिक्षिकांचा फोन आला. तीसपैकी बारा प्रश्न त्याने वाचून घेतलेच नव्हते. एका प्रश्नाला त्यांनी सवयीने तोंड उघडले, तेव्हा त्याने मान वर न करता तळहात पुढे केला आणि "थांबा, हा मी वाचतो" असे म्हटले. प्रश्न चांगला चार ओळींचा होता. त्याने तो बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला, आधी वजाबाकी केली, मग गुणाकार मांडला, आणि हातचा विसरल्यामुळे त्याचे उत्तर चुकले.